एका वजनात एकच जागा

जनीने भाकऱ्यांचं गाठोडं सोडलं तेव्हा हॉलमध्ये वजनं घेणं संपत आलं होतं. शहापूरच्या पोरी काट्यावरून उतरून एकेक करत तिच्याभोवती येऊन बसत होत्या. वजनात बसायचं म्हणून आदल्या दिवसापासून कोणी धड जेवलेलं नव्हतं. तांदळाच्या भाकऱ्या, सुकटीची चटणी, उकडलेली अंडी. कॉलेजकडून संघाला जेवण मिळत नसे, म्हणून तिचा नवरा साईनाथ कोच झाला तेव्हापासून डब्याचं काम न सांगता जनीकडे आलं होतं. साईनाथ तरी कसला कोच! नोकरी भातसा धरणावर, आणि ड्युटी संपली की शहापूरच्या त्या लहानशा कॉलेजच्या मागच्या शेडमध्ये पोरींना कुस्ती शिकवायची. बिनपगारी.

मॅटच्या पलीकडे यजमान कॉलेजच्या पोरी निळ्या ट्रॅकसूटमध्ये ओळीने बसल्या होत्या. स्पर्धा त्यांच्याच हॉलमध्ये, कल्याणच्या बाजूला. त्यांच्यासाठी जेवणाची खोकी आली होती, प्रत्येकीच्या नावाची चिठ्ठी लावलेली. स्नायू चोळून द्यायला वेगळी बाई, डावांचं शूटिंग करायला वेगळा माणूस. त्या निळ्या ओळीत प्रियांका होती.

जनीने तिला पाहिलं आणि मान खाली घालून अंडी सोलायला घेतली.

प्रियांका तिच्या थोरल्या दिराची, देवरामची पोरगी. म्हशाजवळच्या गावातून शहापूरला रोज ये-जा जमण्यासारखी नव्हती, म्हणून अकरावीपासून ती भातसानगरच्या क्वार्टरमध्ये काकाकडे राहिली. जनीची रेश्मा आणि ती एका गादीवर झोपल्या, एकाच मॅटवर एकमेकींना पाडत वाढल्या. मग जूनमध्ये या मोठ्या कॉलेजचे कोच देवरामला गावी जाऊन भेटले. होस्टेल, खुराक, फी माफ. दोघींचं वजन एकच, सत्तावन्न किलो, आणि त्यांना त्या वजनात एकच पोर हवी होती. प्रियांकाचा दाखला काढला गेला तेव्हा साईनाथला कळलं. "पोरगी विकलीस, दादा," एवढंच तो भावाला फोनवर म्हणाला. त्यानंतर गणपतीला तो गावी गेला नाही, आणि भाताच्या झोडणीलाही गेला नाही.

"आई, खांदा बांध ना परत," रेश्मा येऊन समोर बसली. डावा खांदा दिवाळीपासून दुखत होता. जनीने क्रेप बँडेज उलगडून पुन्हा आवळून बांधलं.

"लय दुखतो?"

"कुस्तीत समजत नाय. नंतर दुखतो."

*

मुरबाडहून केलेली जीप उशिराच पोचली. देवराम, त्याची बायको सावळी आणि म्हातारा बाप धाकलू आत आले तेव्हा पहिल्या फेऱ्या सुरू होत्या. धाकलू ऐंशीला टेकलेला. तरुणपणी म्हशाच्या जत्रेत त्याने कुस्त्या मारल्या होत्या. दोन्ही नाती एकाच दिवशी खेळणार म्हटल्यावर त्याने आठवडाभर देवरामला बसू दिलं नव्हतं.

दाराशी उभा राहून देवरामने हॉल न्याहाळला. एका बाजूला भाऊ होता, दुसऱ्या बाजूला लेक.

"चला, निळ्या पोरींकडं बसू," तो म्हणाला.

"तू बस," धाकलू म्हणाला. "मी हिकडं नाय, तिकडं नाय. मधी बसतो." आणि तो काठी टेकत खरंच मधल्या बाकावर जाऊन बसला, पंचांच्या टेबलामागे. कोणीतरी त्याला उठवायला आलं, तेव्हा त्याने दोन बोटं वर केली आणि सांगितलं, "दोन पोरी हायत माझ्या." त्याला तिथेच बसू दिलं.

सावळी थोडी घुटमळली. मग नवऱ्याकडे न बघता ती सरळ शहापूरच्या पोरींकडे गेली.

"जनी, सरक गो जरा."

जनीने वर पाहिलं. जूनपासून दोघी जावा समोरासमोर आल्या नव्हत्या. "तुमची पोर तिकडं हाय, वयनी."

"ठाऊक हाय. तिकडनं तिची पाठ दिसते. हितनं तोंड दिसतं."

जनी सरकली. दोघी निळ्या ओळीकडे बघत बसल्या.

"वाळलीय," जनी म्हणाली.

"फोनवर सांगते, चांगलं खायला देतात म्हणून. देत असतील. पण वजनासाठी हीच खात नाय." सावळीने पदर सावरला. "तुझ्याकडं होती तवा गाल होते तिला."

जनीने एक भाकरी तिच्यापुढे ठेवली.

*

रेश्माने पहिल्या दोन कुस्त्या मारल्या तेव्हा शहापूरच्या पोरींनी हॉल डोक्यावर घेतला. साईनाथ ओरडला नाही. कोचच्या खुर्चीत तो पुढे वाकून बसला होता आणि एकाच गोष्टीकडे बघत होता. त्याची पोर दोन्ही कुस्त्यांत मॅटच्या बाहेर गेली होती. डावात नाही, अशीच, मागे सरकताना.

शेडमध्ये मॅट होता तो अर्धाच. दुसऱ्या कॉलेजने नवा घेतला तेव्हा जुना मागून आणलेला. एका पावसाळ्यात छत गळून त्याची एक बाजू कुजली, ती कापून टाकावी लागली. गेली ती कडेची बाजू, जिथे लाल पट्टा असतो. त्या पट्ट्याच्या पलीकडे पाय पडला की समोरच्याला गुण मिळतो. साईनाथच्या पोरी डाव शिकल्या, दम कमावला. पण पट्टा पायाला कसा कळतो हे शिकवायला त्याच्याकडे पट्टाच नव्हता. नवीन मॅट मागायला तो दरवर्षी प्राचार्यांकडे जायचा. दरवर्षी उत्तर तेच: पदक आणा, मग संस्थेकडे मागता येईल. या वर्षी त्यात भर पडली होती. पदक नाही आलं तर शेड परीक्षा विभागाला जाणार होती. मॅट नाही म्हणून पदक नाही आणि पदक नाही म्हणून मॅट नाही, हे त्याने त्यांना एकदा समजावून पाहिलं होतं. प्राचार्य भला माणूस. म्हणाले, "साईनाथराव, मला कळतं हो. पण मी तरी कुठून आणू?"

माइकवर नावं पुकारली गेली. सत्तावन्न किलो, अंतिम फेरी. दोन्ही नावांना एकच आडनाव लागलेलं ऐकून हॉलमध्ये कुजबुज झाली.

*

"तू तिच्याबरोबर वाढलीयस," कोच सर प्रियांकाच्या कानाशी म्हणत होते. "कच्चं काय तिचं?"

सर वाईट नव्हते. तिचा गुडघा सुजला तेव्हा ते स्वतः तिला डॉक्टरकडे घेऊन गेले होते. ते विचारत होते ते कुठलाही कोच विचारेल.

"कड," प्रियांका म्हणाली. "तिला कड कळत नाय. आणि डावा खांदा."

बोलून झाल्यावर तिने रेश्माकडे बघायचं टाळलं. पण बोलली ते खरं होतं. आणखी एक खरं तिने कोणालाच सांगितलं नव्हतं. होस्टेलची जागा दरवर्षी नव्याने ठरते. सुवर्ण आलं तर जागा राहते, नाहीतर त्या वजनात जी जिंकेल तिला बोलावतात. ऑगस्टमध्ये एक सीनियर मुलगी बॅग घेऊन खाली उतरली तेव्हा तिला हे कळलं होतं. बाबा घरी सगळ्यांना सांगत होते की पोर पदवीपर्यंत मार्गी लागली.

दोघी मॅटवर आल्या. हात मिळवला. रेश्मा तिच्याकडे बघून किंचित हसली. जुनी सवय.

पहिला अर्धा भाग प्रियांका जशी शिकली होती तशी खेळली. डाव टाकायचाच नाही. छातीला छाती लावून रेटायचं, एक एक पाऊल. रेश्मा मागे गेली, पट्ट्यावर आली, पलीकडे पाय पडला. पंचाने एक बोट वर केलं. पुन्हा तसंच. पुन्हा एक बोट. निळ्या ओळीने टाळ्या वाजवल्या. देवराम उठून उभा राहिला होता, पण टाळी त्याच्या हातातून वाजली नाही.

मधल्या विश्रांतीत रेश्मा धापा टाकत साईनाथसमोर आली. "बाबा, कड कधी येते समजतच नाय."

साईनाथने तिच्या तोंडावरून ओला टॉवेल फिरवला. "मग कडंला जाऊच नको. मधल्या गोलात उभी राहा, खुंटा ठोकल्यासारखी. तिला येऊ दे तुझ्याकडं. रेटायला वर आली का खाली शिर."

दुसऱ्या भागात रेश्मा हललीच नाही. प्रियांका रेटायला पुढे आली, तिची छाती थोडी वर उचलली गेली, आणि रेश्मा तिच्या हाताखालून शिरली. एकेरी पट. एक पाय काखेत उचलला आणि प्रियांका बसली. दोन गुण. आता दोघी बरोबरीत. पण एकाच डावात दोन गुण घेतल्यामुळे पारडं रेश्माकडे. असंच संपलं तर ती जिंकणार.

"खांदा!" कोच सर ओरडले. "प्रियांका, डावा हात ओढ! ओढ!"

प्रियांकाने तो हात पकडला. मनगटाला तिची बोटं बसली आणि वरच्या बँडेजचा पिळही तिला दिसला. तिने ओढला. हातचं राखून नाही, सगळा जोर लावून. जागेसाठी, बाबांसाठी, सहा महिने अर्धपोटी झोपली त्यासाठी.

जनीने तोंडावर पदर दाबला. सावळीने तिचं मनगट गच्च धरलं. ती स्वतःच्या पोरीवर ओरडली, "अगो, हळू!"

रेश्माने हात सोडवायची धडपड केली नाही. ती ओढीबरोबरच आली, आणि त्याच वेगाने खाली घुसून तिने प्रियांकाचे दोन्ही पाय बांधले. दोघी कोसळल्या. वर रेश्मा होती. आणखी दोन गुण. मग शिट्टी वाजली.

पंचाने हात वर केला तो शहापूरच्या पोरीचा. डावा धरून वर करायला गेला तेव्हा ती कळवळली, म्हणून त्याने उजवा धरला.

मधल्या बाकावर धाकलू रडत होता. शेजारच्या माणसाने विचारलं, "बाबा, तुमची हरली का?"

"एक हरली," म्हातारा म्हणाला. "एक जिंकली. कोनाचं तोंड आधी बघू?"

*

कपडे बदलायच्या खोलीबाहेर देवरामने लेकीला गाठलं. "रडू नको. पुढल्या वर्षी मारशील. होस्टेल हाय, खुराक हाय..."

"पुढल्या वर्षी नाय, बाबा." आणि तिने त्याला जागेचं सगळं सांगितलं. सरळ, एका दमात, जमिनीकडे बघत.

झोडणीच्या दिवसांत उन्हाने काळवंडलेला देवरामचा चेहरा आणखी काळा पडला. एवढ्यात कोच सर समोरून आले. पण ते त्याच्याकडे आले नव्हते. ते साईनाथकडे निघाले होते, जो पलीकडे पायरीवर रेश्माच्या खांद्याला बर्फ लावत बसला होता.

"साईनाथ सर, जरा बोलायचं होतं," ते म्हणाले. "अर्ध्या मॅटवर ही पोर असं खेळते. आमच्याकडे आली तर काय करेल? जूनपासून होस्टेल, फी, खुराक. खांद्याचा इलाज तर लगेच सुरू करू."

साईनाथने बर्फाची पिशवी खाली ठेवली. जूनपासून त्याने मनात या माणसाला हजार शिव्या दिल्या होत्या. त्यातली एकही आता ओठावर आली नाही. त्याला आधी सुचलं ते हे, की खांद्याचा इलाज होईल.

"आन माझ्या पोरीचं काय?" देवराम मागून येऊन उभा राहिला. "पदवीपर्यंत ठेवू म्हणालेलात तुमी. माझ्या ओटीवर बसून."

"काका, प्रयत्न करू म्हणालो होतो."

"प्रयत्न. तो शब्द मला ऐकाया आला नाय वाटतं."

कोच सर हलक्या आवाजात म्हणाले, "एका वजनात एकच जागा असते आमच्याकडे. वरून ठरतं ते. सुवर्णपदकं किती आली ते बघून मलाही ठेवतात, नाहीतर काढतात. माझंही दरवर्षीचंच आहे." त्यांनी प्रियांकाकडे पाहिलं.

"मला नको," रेश्मा म्हणाली. "प्रियांकाला काढून मला? मी नाय जात."

"गाढवासारखं बोलू नको," प्रियांका तिच्याशेजारी पायरीवर येऊन बसली. "पहिला महिनाभर मी रोज कडेवरून बाहेर पडायचे. आज तुला कशी नेली बघितलंस ना? ते हितं शिकले. तू पट्टा न बघता मला हरवलंस. पूर्ण मॅट मिळाला तर कोणाच्या हाती लागशील?"

"आणि तू?"

"मी बासष्ट किलोत जाते. सत्तावन्नात राहून राहून चक्कर यायची मला. हितं बासष्टात दुसरी पोर हाय. शहापूरला कोणी नाय." ती थांबली. "काकांनी घेतलं तर. पोरींना कडेचं मी शिकवीन. जमिनीवर चुन्याची फक्की मारून गोल आखता येतो."

साईनाथच्या आधी जनीच बोलली. "घेतलं तर म्हणजे काय गो? तुझी गादी काय आमी विकली?"

रेश्माने प्रियांकाच्या कानाशी विचारलं, "हात खरंच ओढलास ना?"

"जीव खाऊन ओढला."

"बरं झालं. नायतर मी बोललेच नसते तुझ्याशी."

सावळी मघापासून जनीच्या मागे उभी होती. ती पुढे झाली. "जनी, हो म्हणायच्या आधी इचार त्यांना. आमी नाय इचारलं. तू इचार."

जनीने पदर खोचला आणि कोच सरांसमोर जाऊन उभी राहिली. "सर, एकच सांगा. पुढल्या वर्षी ही हरली, तर घरी कोन सांगनार? हिनंच महिनोन्महिने मनात ठेवायचं आन एक दिवस बॅग घेऊन यायचं?"

आजवर कोच सरांना खुराकाचं विचारलं गेलं होतं, फीचं, नोकरीचं. हे कोणी विचारलं नव्हतं.

"मी येईन," ते म्हणाले. "मी स्वतः हिला घेऊन येईन, आणि मीच सांगेन. जागा ठेवणं माझ्या हातात नाही, बाई. पण एवढं आहे." मग ते प्रियांकाकडे वळले. "तुझ्या बाबतीत मी ते केलं नाही. चुकलं माझं."

जनीने लेकीकडे पाहिलं. रेश्मा एकदा बापाकडे, एकदा आईकडे बघत होती.

"जाऊ का, आई?"

"तुला जावंसं वाटतं?"

"वाटतं," रेश्मा म्हणाली, आणि म्हणताना तिला रडू फुटलं. "शेड सोडवत नाय. पण वाटतं."

"मग जा. जूनपतोर घरी हायस. तोवर खाऊन घे."

*

बक्षिसं वाटून झाली. शहापूरच्या पोरींनी पदक आळीपाळीने गळ्यात घालून फोटो काढले. प्राचार्यांचा फोन आला. शेड या वर्षापुरती वाचली होती, आणि नव्या मॅटचा विषय ते बैठकीत काढणार होते. साईनाथने "बरं" म्हणून फोन खिशात टाकला. पदक आणणारी पोर जूनमध्ये जाणार आहे, हे त्याने आज सांगितलं नाही.

हॉलच्या बाहेर, शहापूरच्या टेंपोत पोरी सामान भरत होत्या. धाकलूने रेश्माला जीपमध्ये स्वतःजवळ बसवून घेतलं होतं आणि प्रियांकालाही तिथेच बोलवत होता. दोघी जावा उरलेल्या भाकऱ्या दोन फडक्यांत बांधत होत्या, कोणत्या गाडीत किती द्यायच्या यावर वाद घालत.

देवराम गेटजवळ एकटाच उभा होता. साईनाथ त्याच्यापर्यंत गेला.

"दादा," साईनाथ म्हणाला, "जूनला तू हो कसा म्हणालास रे? मघाशी त्यानं मला इचारलं, तर माझ्या तोंडातून नाय असं निघालंच नाय. मी तुला काय काय बोललो..."

टोपी काढून देवरामने डोक्यावरून हात फिरवला.

"नाय म्हनायला माझ्याकडं काय होतं, साईनाथ? तुझ्याकडं निदान शेड तरी होती. तुला इचारायला पायजे होतं, एवढंच माझं चुकलं. इचारलं असतं तर तू नाय म्हनाला असतास, म्हनून इचारलं नाय."

"नायच म्हणालो असतो."

"आन पोर रायली असती तुझ्याकडं, अर्ध्या मॅटवर. ते बरोबर झालं असतं का चूक, मला आज बी सांगता येत नाय."

"मलाबी नाय येत," साईनाथ म्हणाला.

टेंपोवाल्याने हॉर्न दिला. साईनाथ दोन पावलं गेला आणि मागे वळला.

"पोर आता माझ्याकडं येणार. बघायला यावं लागंल तुला. भातसानगरला."

"येतो की."

"कधी?"

"तू गावी कधी येतोस ते सांग आधी," देवराम म्हणाला. "नवा तांदूळ काढून ठेवलाय तुझ्या वाट्याचा. झोडणीला आला नायस, तरी काढलाय."

साईनाथने मान हलवली. टेंपोकडे न जाता तो पोरींना हाक मारून म्हणाला, "तुमी व्हा पुढं. मी जीपनं गावी जाऊन येतो."